आमचा नंबर कितवा, एवढं तरी सांगा

प्रति,
देशातल्या विमान कंपन्यांच्या लॉयल्टी आणि रेव्हेन्यू मॅनेजमेंट विभागांचे प्रमुख,
तसेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याला राहतो. हॉस्पिटलांमधली कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची खोली) आणि सीटी स्कॅनची यंत्रं बसवणं आणि ती बंद पडली की धावत जाऊन सुरू करून देणं, हा माझा उद्योग. त्यापायी गेली सतरा वर्षं मुंबई-दिल्ली ही फेरी आठवड्याला एकदा ठरलेली, कधी दोनदाही. पाकिटात आजवर तीन-चार विमान कंपन्यांची, नेहमीच्या प्रवाशांना मिळणारी कार्डं येऊन गेली. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली, विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. कार्डांचे रंग बदलले, योजनांची नावं बदलली, पण मी त्याच मार्गावर, त्याच मागच्या केबिनमध्ये येत-जात राहिलो. तिकीट ऑफिस काढतं, त्यामुळे ते नेहमी इकॉनॉमीचं असतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तुम्ही मला आपणहून दिलेल्या एका आश्वासनाबद्दल. ते आश्वासन म्हणजे अपग्रेड, इकॉनॉमीच्या तिकिटावर पुढच्या, वरच्या वर्गात जागा.

या पत्रात मी माझ्या अनुभवातल्या कोणत्याही कंपनीचं नाव घेणार नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात, आणि मला आलेला अनुभव एकीपुरता नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

गेल्या पावसाळ्यातला एक शुक्रवार सांगतो. दिवसभर कॅथलॅबमध्ये क्ष-किरणांपासून वाचवणारा सहा-सात किलोचा लेड अ‍ॅप्रन अंगावर चढवून उभा होतो. कमरेचं काय होतं ते हे काम करणाऱ्यालाच कळतं. संध्याकाळी दिल्लीच्या टर्मिनल 3 वर आलो. अपग्रेडचं व्हाउचर नऊ दिवस आधीच लावलेलं होतं आणि अ‍ॅपवर नऊ दिवस एकच वाक्य दिसत होतं: तुमची विनंती प्रतीक्षा यादीत आहे. चेक-इनच्या रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांना विचारलं, आज एवढे-एवढे भरलेत तर पुढच्या केबिनमध्ये सीट मिळेल, घेता का? त्यांनी क्षणभर विचार केला, कार्ड पुढे केलं, सीट घेतली. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. विकायला ठेवलेली वस्तू त्यांनी विकत घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "माझी वेटलिस्ट आहे, नंबर कितवा?" ती म्हणाली, "सर, ते आम्हाला सांगता येत नाही. गेटवर बघा." गेटवर गेलो. तिथल्या मुलाच्या हातात वॉकीटॉकी होता, समोर तीन व्हीलचेअर थांबल्या होत्या, एका जोडप्याची केबिन बॅग मोठी भरली होती, आणि विमान बंद करायला त्याच्याकडे मोजकी मिनिटं होती. त्यालाही मी तेच विचारलं. तो म्हणाला, "सर, फ्लाइट फुल आहे."

त्या मुलीवर किंवा त्या मुलावर माझा राग नाही. उत्तर त्यांच्या हातात ठेवलेलंच नव्हतं. म्हणून हे पत्र काउंटरवर न देता तुम्हाला लिहितो आहे.

आता मला काय खटकलं ते नीट सांगतो, कारण असं काही म्हटलं की लोकांना वाटतं, फुकटची सीट मिळाली नाही म्हणून गडी रुसला. सीट मिळाली नाही याचं दुःख तासाभरात ओसरतं. खटकतं ते हे, की नऊ दिवस मी एका रांगेत उभा होतो आणि त्या रांगेत माझ्या पुढे किती माणसं आहेत, ती कोणत्या नियमाने माझ्या पुढे आहेत, आणि रांगेच्या तोंडाशी मुळात खिडकी उघडी आहे का, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. ज्या सीटसाठी मी थांबलो होतो ती माझ्या डोळ्यांसमोर काउंटरवर विकली गेली, आणि अ‍ॅपवरचं वाक्य मात्र विमानाचं दार लागेपर्यंत बदललं नाही.

आम्ही मराठी माणसं वेटिंग लिस्टवर वाढलेली आहोत. मे महिन्यात कोकणात जायचं, गणपतीला जायचं, तर तिकीट वेटिंगचंच. पण त्या तिकिटावर आकडा असतो. डब्ल्यूएल 42 चा 17 होतो, 17 चा आरएसी होतो, आणि घरातलं शेंबडं पोरही सांगतं की आज रात्री निघायचं की नाही. पूर्वी डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या चार्टवर बोट फिरवत लोक आपलं नाव शोधायचे. नाव नसलं तर हळहळायचे, पण फसवलं गेल्यासारखं वाटायचं नाही, कारण आपल्यावरची सगळी नावं समोर दिसत असायची. अपग्रेडसुद्धा रेल्वेने करून दाखवलं आहे. 2006 पासून वरच्या वर्गात जागा रिकामी राहत असेल तर पूर्ण भाडं भरलेल्या खालच्या वर्गातल्या प्रवाशाला ती जादा पैसे न घेता देण्याची पद्धत तिथे आहे. तिकीट काढताना एका चौकटीत टिक करायची, की चार्ट लागताना यंत्रणा बघून घेते. सवलतीच्या तिकिटाला ते मिळत नाही, हा नियमही लिहिलेला आहे. ज्या रेल्वेला आपण उठसूट नावं ठेवतो, तिने रोज लाखो माणसांसाठी जे जमवलं, ते दीड-दोनशे माणसांच्या विमानात जमत नाही, हे मला पटत नाही.

जागा कमी आहेत, हे मला मान्य आहे. किती कमी, तेही बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून लिहितो. एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए320 निओ विमानात 164 जागा असतात, त्यातल्या बिझनेसच्या 8. त्यामागे प्रीमियम इकॉनॉमीच्या 24. इंडिगोने 14 नोव्हेंबर 2024 पासून दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' हा आपला बिझनेस वर्ग सुरू केला, तिथे ए321 विमानातल्या 220 जागांपैकी 12 पुढच्या. म्हणजे गर्दीच्या वेळेला सगळा खेळ आठ किंवा बारा खुर्च्यांचा. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या ज्या वेळा सगळ्यांना हव्यात, तिथे आणखी एक विमान घुसवायला जागा नाही. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, त्याने पुढे फरक पडेलही. पण सोमवारी सकाळी सहाला दिल्लीकडे निघणारा आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला परतणारा प्रवासी आज तरी त्या आठ-बारा खुर्च्यांकडेच बघतो आहे. त्यातल्या बऱ्याच खुर्च्या अशांना जातात ज्यांची कंपनी आदल्या रात्री पूर्ण भाड्याचं तिकीट काढते. एखादा वकील, एखादा बँकेचा वरिष्ठ अधिकारी. हे ग्राहक तुमचं पोट भरतात आणि त्यांच्यासाठी तुम्ही शेवटच्या तासापर्यंत जागा राखून ठेवता, हे व्यवहाराला धरूनच आहे. मी धंद्यातला माणूस आहे, मला ते कळतं.

पण त्यानंतर काय होतं? एखादी खुर्ची उरली, तर तिच्यासाठी एकाच वेळी चार दारं उघडी असतात. पहिलं, बोलीचं. प्रवासाच्या काही दिवस आधी ईमेल येतो, किती रुपये देता सांगा. दुसरं, अ‍ॅपवरचं किंवा काउंटरवरचं रोख अपग्रेड, ज्याची किंमत दर तासाला बदलते. तिसरं, प्रवास करून साठवलेले पॉइंट्स देऊन. चौथं, वर्षभर उडून कमावलेलं व्हाउचर. शिवाय एक पाचवं दार आहे, जे प्रवाशाच्या हातात नसतं. मागे जादा तिकिटं विकली गेली असतील तर काही जणांना तुम्ही स्वतःच पुढे उचलता. या दारांची आपसातली क्रमवारी काय? बोली आधी बघता की व्हाउचर? सोनेरी कार्डवाल्याने चार दिवस आधी मागितलं आणि प्लॅटिनमवाल्याने दोन तास आधी, तर कोण पुढे? महागड्या इकॉनॉमी भाड्याचा प्रवासी स्वस्त भाड्यावाल्याच्या पुढे असतो का? नियमावलीच्या तळाशी 'उपलब्धतेनुसार' हा एक शब्द लिहून तुम्ही मोकळे होता. उपलब्धता ठरवता तुम्हीच. तिकिटाच्या वर्गाला जशी अक्षरं असतात, तसा अपग्रेडसाठीच्या जागांचाही वेगळा कोटा तुमच्या यंत्रणेत असतो. सीट मॅपवर सहा खुर्च्या रिकाम्या दिसत असताना त्या कोट्यात शून्य असू शकतं. हे मला कळायला आठ वर्षं लागली, आणि तेही तुमच्यातल्याच एका निवृत्त माणसाने चहा पिताना समजावून सांगितलं म्हणून.

अपग्रेड ही कृपा आहे, दिली तर घ्यावी, नाही तर गप्प बसावं, असंही मला ऐकवलं गेलं आहे. ही कृपा नाही, हा विकलेला माल आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 ला एअ‍ॅडव्हान्टेज योजना सुरू केली तेव्हा कल्पना साधी होती: नाहीतरी रिकामी जाणारी सीट आपल्याच नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्यायची, म्हणजे तो दुसरीकडे जात नाही. आज पॉइंट्स बँकांना विकले जातात. बँक ते क्रेडिट कार्डावर वाटते आणि वर्षाकाठी त्या कार्डाची फी घेते. काही कार्डांबरोबर सोनेरी-प्लॅटिनमसारखा दर्जा मिळतो, काहींबरोबर अपग्रेडची व्हाउचरं. 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा अमेरिकेतल्या युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. ज्याच्यावर बँका कर्ज देतात त्याला कृपा कसं म्हणायचं? माझ्यासारख्यांची फेऱ्यांवरची निष्ठा, आमचे खर्च, आमची कार्डं, हे सगळं त्या हिशेबात धरलेलं असतं. वर गेल्या काही वर्षांत बऱ्याच योजनांनी अंतरावरून पॉइंट्स देणं सोडून खर्चावरून देणं सुरू केलं. ऑफिसने काढलेल्या स्वस्त तिकिटावर आठवड्याला उडणाऱ्याचे पॉइंट्स त्यामुळे आटले. तेही मी गिळलं, कारण तो नियम निदान लिहून दिला होता.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसलो तो सांगतो. माझ्यापुरतं असतं तर मी लिहिलं नसतं.

माझी धाकटी बहीण लंडनजवळ हॅरोला असते. मागच्या वर्षी तिला दुसरं मूल व्हायचं होतं आणि आईला जायचं होतं. आई 74 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरांनी परवानगी दिली ती अटीवर: पाय फार वेळ लटकते ठेवायचे नाहीत, जमलं तर आडवं होता येईल अशी जागा घ्या. बिझनेसचं तिकीट आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण माझ्याकडे पॉइंट्स होते. वर्षानुवर्षं साठवलेले, बायको चिडवायची तरी कधी मिक्सर किंवा टोस्टरवर न उडवलेले, आईसाठी म्हणून राखून ठेवलेले. ज्या भाड्यावर अपग्रेड चालतं ते थोडं महागडं तिकीट मुद्दाम काढलं. स्वस्तात स्वस्त तिकिटावर अपग्रेड मागताच येत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. पाच महिने आधी विनंती टाकली, आईची एकटीची. मी मागेच बसणार होतो. प्रतीक्षा यादी.

पाच महिने मी रोज सकाळी चहाच्या आधी ते अ‍ॅप उघडत होतो. आई विचारायची, "लागला का रे नंबर?" तिला नंबर हा शब्द रेल्वेमुळे माहीत. मी म्हणायचो, "लागेल." कशाच्या जोरावर म्हणत होतो, देव जाणे. पंधरा दिवस आधी मला बोलीचा ईमेल आला, त्याच विमानासाठी, त्याच केबिनसाठी. पॉइंट्स अडकवून ठेवलेत ते कमी आहेत म्हणून आता रोख बोली लावू का? लावली तर आधीची विनंती रद्द होते का? फोन केला. एकाने सांगितलं दोन्ही चालतील, दुसरीने सांगितलं एकच. मी बोली लावली नाही. पाच महिन्यांची रांग मोडेल या भीतीने लावली नाही, आणि आजही रात्री कधी वाटतं की लावायला हवी होती.

निघायच्या रात्री काउंटरवर उत्तर मिळालं, वरची केबिन फुल. आई म्हणाली, "असू दे." व्हीलचेअरवरून तिला विमानाच्या दारापर्यंत आणलं आणि तिथून पुढे तिचा हात धरून मी चालवत नेलं. त्या विमानात मागे जायची वाट पुढच्या केबिनमधूनच होती. दोन्ही बाजूंना त्या रुंद खुर्च्या, त्यांवर घडी घातलेली पांघरुणं, शेजारी पाण्याची छोटी बाटली. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मला वाटलं, लोक यायचे असतील. आई एका खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून थांबली, दम घ्यायला. तिने पांघरुणाच्या घडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही जागा कोणाची?" मी म्हटलं, "चल, आपली मागे आहे."

दार लागलं. पडद्याच्या फटीतून मला त्या चार खुर्च्या दिसत होत्या, तशाच. विमान वर गेल्यावर मी उठून केबिन क्रूमधल्या वरिष्ठ बाईंना हळू आवाजात विचारलं. त्या खरंच भल्या होत्या. म्हणाल्या, अपग्रेड जमिनीवरचा स्टाफ करतो, दार लागल्यावर आमच्या हातात काही नसतं. आईला त्यांनी दोन जादा उशा आणून दिल्या आणि पाय ठेवायला माझी बॅग पुढे सरकवून दिली. जवळजवळ दहा तास आई त्या बॅगेवर पाय ठेवून बसली. मध्ये दोनदा मी तिला मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेपर्यंत, चालवून आणलं. हीथ्रोला उतरताना तिचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना. मी वाकून बराच वेळ प्रयत्न केला. शेवटी ती मोज्यांवरच चालत व्हीलचेअरपर्यंत गेली आणि चपला माझ्या हातात.

मला माहीत आहे, त्या चार खुर्च्या रिकाम्या असण्यामागे कारणं असू शकतात. खुर्ची नादुरुस्त असते. लांबच्या उड्डाणात काही जागा वैमानिकांच्या विश्रांतीसाठी ठेवाव्या लागतात. कोणी आयत्या वेळी आलाच नसेल. जेवणाचे ट्रे मोजून चढवलेले असतील. यातलं कोणतंही कारण मी ऐकून घेतलं असतं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला 'नादुरुस्त' हा शब्द समजतो. पण मला सांगितलं गेलं 'फुल', आणि ते खरं नव्हतं. त्यानंतर मी तीन ईमेल लिहिले. तिन्हींना आलेल्या उत्तरात 'उपलब्धतेनुसार' हाच शब्द होता. अडकवलेले पॉइंट्स खात्यात परत यायला 19 दिवस लागले.

महासंचालनालयातल्या मंडळींना आता थेट काही सांगायचं आहे. तुम्ही 15 फेब्रुवारी 2023 पासून एक चांगला नियम लागू केलात. प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीचे 75 टक्के परत. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार: 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3500 पर्यंत 50, त्यापुढे 75. म्हणजे माझ्या आईला बिझनेसचं तिकीट काढून मागे बसवलं असतं, तर लंडनच्या अंतराला तिला 75 टक्के परत मिळाले असते. पण पॉइंट्स अडकवून, पाच महिने ताटकळत ठेवून, रिकाम्या खुर्च्यांसमोरून मागे नेलं, तर त्याला काही नियम नाही. विमानात बसू न दिलं तर भरपाईचा नियम आहे, रद्द झालं तर आहे, उशीर झाला तर काय सोय करायची त्याचाही आहे. खाली ढकललं तर आहे. वर नेण्याचं वचन देऊन त्याचे पैसे आधी घेतले, तर मात्र सगळा मामला कंपनी आणि तिच्या अटींवर सोडलेला. हे ग्राहकसंरक्षणाच्या चौकटीत बसतं का, ते तुम्ही तपासून बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या डिझाइनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई निर्माण करणं हाही एक प्रकार मोजला आहे. 'शेवटच्या काही जागा, आत्ताच बोली लावा' असा ईमेल येतो, तेव्हा जागा खरंच किती असतात, ते एकदा तुम्ही कंपन्यांना विचारा.

इतर देशांतही यावर विचार सुरू आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या पॉइंट्स योजनांची माहिती मागवली: मूल्य कसं घटवता, किंमत का लपवता, फी कोणत्या लावता. त्याच्या आदल्या वर्षी डेल्टाने आपल्या योजनेचे नियम एकदम कडक केले होते, प्रवासी खवळले, आणि कंपनीला काही बदल मागे घ्यावे लागले. आणि मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथल्या काही कंपन्या अपग्रेडची यादी सरळ गेटवरच्या पडद्यावर आणि अ‍ॅपमध्ये दाखवतात. आडनावाची पहिली काही अक्षरं आणि पुढे नावाचं एक. कोणाची गुप्तता उघडी पडत नाही, पण प्रत्येकाला कळतं की आपण सातवे आहोत आणि जागा दोन आहेत. सातव्या माणसाने मग काउंटरवर जाऊन कोणाचा वेळ खाण्याचं कारण उरत नाही.

माझं मागणं तेवढंच आहे. यादी दाखवा. विनंती टाकली की त्याच क्षणी नंबर दिसू द्या आणि तो बदलला की कळवा. क्रमवारीचा नियम एका पानावर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहून ठेवा: आधी कोण, मग कोण, बोली कुठे बसते, रोख विक्री कुठे. काउंटरवर पैशाने विकायची असेल तर खुशाल विका, पण यादीतल्या माणसाला आधी सांगा की या विमानात आता अपग्रेड मिळणार नाही, म्हणजे त्याला निदान तीच सीट विकत घ्यायची संधी मिळेल. नकार दिला की पॉइंट्स त्याच दिवशी परत करा. घेताना एका सेकंदात वजा होतात, मग परत येताना 19 दिवस का लागावेत? आणि वर्षभरात पाच-सहा वेळा लावूनही जागेअभावी व्हाउचर वापरता आलं नाही, तर ते 31 मार्चला मरू देऊ नका, मुदत वाढवा. ज्या मार्गांवर अपग्रेड जवळजवळ मिळतच नाही, ते मार्ग व्हाउचर देतानाच सांगा. माझी दोन व्हाउचरं अशीच गेली, अकरा वेळा लावून. मग एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून मंगळवारी दुपारच्या विमानाला लावलं आणि लगेच मिळालं. मंगळवारी दुपारी मला दिल्लीत काही काम नव्हतं.

खर्चाचंही स्पष्ट सांगत चला. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी आहे आणि वरच्या वर्गावर 18 टक्के. लंडनहून निघताना तिथलं सरकार वरच्या वर्गाच्या प्रवाशाकडून जास्त कर घेतं. हे कर तुमच्या खिशात जात नाहीत, हे मला कळतं, पण पॉइंट्समध्ये अपग्रेड म्हटल्यावर वर किती रुपये भरावे लागतील ते पहिल्याच पानावर लिहा. आईसारख्या माणसाच्या मुलाने महिनाभर आधी तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवलेली असते. शेवटच्या रात्री आकडा बदलला की त्याची धावपळ होते.

बहिणीला मुलगी झाली. आई पाच महिने तिथे राहिली, आता परत येते आहे. या खेपेला मी सोबत नाही. बहीण तिला हीथ्रोवर सोडेल, व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, मुंबईला मी उभा असेन. पायांसाठी तिथल्या डॉक्टरने घट्ट मोजे दिले आहेत, ते ती घालून येणार आहे. अपग्रेडची विनंती मी तीन महिन्यांपूर्वीच टाकली आहे, कराची रक्कमही वेगळी ठेवली आहे. आज सकाळी चहाच्या आधी बघितलं, तेच वाक्य होतं. काल फोनवर आईने विचारलं, "लागला का रे नंबर?" या वेळी मी 'लागेल' म्हटलं नाही. म्हटलं, "विचारून सांगतो."

म्हणून विचारतो आहे. तिचा नंबर कितवा आहे, तेवढं कळवावं.

आपला,
एक नियमित प्रवासी, ठाणे